गतिमान पृष्ठे अधूनमधून थांबविणारा वेब सर्व्हर : दोषशोधनाची दिशा

प्रस्तावना

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने इयत्ता दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता जाहीर केला. कोविडमुळे परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर लावलेला हा निकाल पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा होता. मात्र निकालाची संकेतस्थळे कित्येक तास नीट उघडलीच नाहीत. अमरावती विभागीय मंडळाच्या क्षेत्रातील वरूडसारख्या तालुक्याच्या गावीही विद्यार्थी आणि पालक भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत बसले. हाच विकार लहान प्रमाणात महाविद्यालयांच्या संकेतस्थळांना प्रवेश अर्जाच्या अखेरच्या दिवशी जडतो. त्याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप

संकेतस्थळावरील पृष्ठे दोन प्रकारची असतात. स्थिर पृष्ठ म्हणजे आधीच लिहून ठेवलेली धारिका. सर्व्हर ती उचलून पाठवितो. गतिमान पृष्ठ मागणी आल्यावर तयार होते. अपाचेसारखा सर्व्हर मागणी पीएचपीच्या एखाद्या प्रक्रियेकडे सोपवितो, ती प्रक्रिया मायएसक्यूएलच्या माहितीसाठ्यास प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत अडकून राहते. अशा प्रक्रियांची संख्या मर्यादित असते. संत्र्याच्या हंगामात मंडीचे फाटक कितीही रुंद केले, तरी वजनकाटा एकच असेल तर गाड्यांची रांग रस्त्यावर येणारच.

या रांगेचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. दर सेकंदास येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीस लागणारा वेळ, म्हणजे एकाच वेळी गुंतलेल्या प्रक्रिया. सेकंदास २० मागण्या येत असतील आणि प्रत्येकीस अर्धा सेकंद लागत असेल, तर १० प्रक्रिया पुरतात. तोच वेळ ८ सेकंदांवर गेला की १६० लागतात. मायएसक्यूएलमध्ये एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे. म्हणजे अभ्यागतांची संख्या न वाढताही संकेतस्थळ बंद पडू शकते. गर्दीला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

अधूनमधूनच का?

कायम बंद असलेला सर्व्हर शोधण्यास सोपा. दोन तास चालून वीस मिनिटे थांबणारा आणि पुन्हा आपोआप सुरू होणारा सर्व्हर मात्र प्रशासकास चकवितो. जुन्या महाविद्यालयीन आज्ञावलींत याचे एक कारण विशेष आढळण्याजोगे आहे. २०१० मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.५ पर्यंत सारण्या मूळ व्यवस्थेनुसार मायआयसॅम प्रकारात तयार होत. या प्रकारात लेखनासाठी संपूर्ण सारणीला कुलूप लागते. समजा, कार्यालयात कुणी वर्षभराच्या शुल्काचा लांबलचक अहवाल काढला. त्याचे वाचन सुरू असताना एका विद्यार्थ्याने अर्ज सादर केला. अर्जाचे लेखन अहवाल संपण्याची वाट पाहते. लेखनास अग्रक्रम असल्याने त्यानंतर आलेली साधी वाचनेही त्याच्या मागे थांबतात. काही क्षणांत सर्व प्रक्रिया भरतात आणि पडदा पांढरा होतो. अहवाल संपताच रांग ओसरते. कुणी काहीच केलेले नसते! भरदुपारी चालणारी माहितीसाठ्याची प्रत काढण्याची आज्ञाही असाच परिणाम घडविते, कारण प्रत निघेपर्यंत ती सारण्या कुलूपबंद ठेवते.

निदान

अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने सेवा परतते, परंतु पुरावा नष्ट होतो. आधी दोन मिनिटे निरीक्षणास द्यावीत. एक चित्र, माहितीसाठ्यास न शिवणारे एक छोटे पीएचपी पृष्ठ आणि माहितीसाठ्यावर अवलंबून असलेले एक पृष्ठ, अशा तीन मागण्या क्रमाने कराव्यात. पहिल्या दोन्ही चालून तिसरी अडली, तर दोष माहितीसाठ्याकडे असण्याची शक्यता अधिक. दुसरीही अडली, तर पीएचपीच्या प्रक्रिया संपल्या आहेत. मात्र त्या माहितीसाठ्याची वाट पाहण्यातच संपल्या असू शकतात. पीएचपी अपाचेच्या आतच बसविलेले असल्यास चित्रही अडकते, हा अपवाद लक्षात ठेवावा.

त्यानंतर मायएसक्यूएलला ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा द्यावी. कोणता प्रश्न किती सेकंदांपासून चालू आहे आणि कोण कुलुपापाशी थांबले आहे, हे तिच्यातून उघड दिसते. त्रुटीनोंदींतील वेळा आणि नियोजित कामांचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळदा तेथेच उकल होते.

उपाय

प्रक्रियांची मर्यादा वाढविणे हा पहिला सुचणारा आणि बहुधा घातक उपाय होय. एका प्रक्रियेस ४० एमबी स्मृती लागत असेल आणि ३ जीबी उपलब्ध असेल, तर सुमारे ७५ प्रक्रियाच मावतात. २०० ची परवानगी दिल्यास सर्व्हर तबकडीचा स्मृतीसारखा वापर करू लागतो आणि अधिकच मंदावतो. त्याऐवजी शोधल्या जाणाऱ्या स्तंभावर अनुक्रमणिका तयार करावी, सारण्या इनोडीबी प्रकारात रूपांतरित कराव्यात, प्रत रात्री काढावी.

निकालाचे मात्र वेगळे आहे. जाहीर झालेला निकाल मिनिटागणिक बदलत नाही. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी माहितीसाठा का चाळावा? राज्य मंडळाचा निकाल पाहताना आसन क्रमांक आणि आईचे नाव भरावे लागते. या दोहोंपासून गुप्त किल्लीच्या साह्याने सांकेतिक नाव बनवून प्रत्येक गुणपत्रकाची स्थिर धारिका आदल्या रात्रीच तयार ठेवता येते. सकाळी पीएचपीला केवळ ते नाव काढून धारिका पुढे करावयाची असते. मायएसक्यूएलचा संबंधच येत नाही. धारिकांची यादी बाहेरून दिसू नये, एवढी व्यवस्था तेवढी पाहावी लागते.