छातीवरची नळी आणि पाठ्यपुस्तक : डॉ. रुस्तम जाल वकील यांचे लेखन (लेखांक ६)

डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांच्या लेखनाचे सरळ दोन भाग पडतात. एका भागात हृदय आणि रक्तदाबावरचे शोधनिबंध आहेत, दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली आणि संपादित केलेली पुस्तके. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञाचे नाव जगभर झाले ते पहिल्या भागामुळे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, २०१६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतल्या विद्यार्थ्याला मात्र ते भेटण्याचा संभव दुसऱ्या भागातून अधिक.

पहिल्या भागातला कळीचा निबंध १९४९ चा आहे. तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला आणि त्याचा विषय होता उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग. सर्पगंधेचे मूळ आयुर्वेदात आणि घरगुती औषधात पूर्वीपासून वापरात होते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच रक्तदाबावरच्या परिणामाची नोंद केली होती. म्हणजे वकील यांनी नवी वनस्पती शोधली नाही. ज्यांच्या रक्तदाबवाढीचे वेगळे कारण सापडत नाही अशा ५० रुग्णांना त्यांनी ठरावीक काळ सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, दाब मोजला, आकडे लिहून ठेवले आणि जगाला वाचता येईल अशा नियतकालिकात ते मांडले. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे असे औषध जवळजवळ नव्हतेच, म्हणून निबंधाचे वजन वाढले.

बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून आपल्या रुग्णांवर सर्पगंधा वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'सिबा' कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य कार्यद्रव्य, रेसरपीन, वेगळे केले. मज्जातंतू ज्या रसायनांनी रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा संदेश देतात त्यांचा साठा रेसरपीन रिकामा करते, त्यामुळे वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. मेंदूतही तेच घडत असल्याने रुग्ण सुस्तावतो, काही वेळा मन खचते, आणि अधिक सोयीची औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

या एका निबंधाच्या झगमगाटात त्यांचे दुसरे काम झाकोळते, ही थोडी अन्यायाचीच गोष्ट. कधीमधी श्रमाने छातीत दुखणे आणि प्रत्यक्ष हृदयविकाराचा झटका यांच्या मधल्या अवस्थेवर त्यांनी १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये लिहिले आणि १९६४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी'त तिच्या उपचारांवर व पुढच्या वाटचालीवर. आज तिला अस्थिर अँजायना म्हणतात. झटका येण्याआधी शरीर इशारा देते, तेव्हाच रुग्णाला गाठायला हवे, हा त्यामागचा विचार होता.

पुस्तकांची बाजू वेगळ्या धाटणीची. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले 'फिजिकल डायग्नोसिस' हे रुग्ण पाहायचा कसा, हे शिकवते : काय विचारायचे, नाडी कशी मोजायची, छातीवर नळी कुठे टेकवायची. १९६९ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचे वैद्यकशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांच्या संपादनाखाली निघाले. तोवर भारतीय विद्यार्थी बव्हंशी इंग्रज आणि अमेरिकन पुस्तकांवर अवलंबून असत. त्यांत मलेरिया, विषमज्वर, क्षय यांना आपल्या वॉर्डांत असते तेवढी जागा नसे. या पुस्तकाच्या आवृत्त्या पुढे इतरांच्या संपादनाखाली निघत राहिल्या आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ते नुसते 'एपीआय' झाले.

असा संशोधक आजच्या मोजपट्टीवर कसा उतरेल? 'पबमेड'सारखी सूची मुख्यतः नियतकालिकांतले लेख दाखवते. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी सुचवलेला एच-निर्देशांक तर संदर्भांची गणती करतो : दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील आणि अकरा लेखांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर निर्देशांक दहा. पाठ्यपुस्तक वाचून शिकलेला डॉक्टर त्याचा संदर्भ कुठे छापत नाही. त्यामुळे दुसरा भाग या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी ठरावीक सूचींतल्या नियतकालिकांतले निबंध मागितले, पाठ्यपुस्तक त्या गणतीत धरले नाही. त्याच नियमांनी वैद्यकीय शिक्षणतंत्राचा आणि संशोधनपद्धतीचा पायाभूत अभ्यासक्रमही बंधनकारक केला. त्यामुळे गोंदियासारख्या महाविद्यालयात हृदयरोगाचे रुग्ण पाहणारा अध्यापक अध्यापनपद्धतीवरही निबंध लिहू शकतो आणि तो निबंध योग्य नियतकालिकात आला तर गणतीत धरला जातो. वकील यांनी जे शिक्षणकार्य पुस्तकातून केले, त्याचा एक अंश आता नियतकालिकांच्या पानांवर आला आहे.