एक यंत्र थांबले, तरी संवाद थांबू नये
दूरसंचार गेटवेमधील राखीव व्यवस्थेची ओळख

आग, अपघात किंवा पूर अशा प्रसंगी नागरिक ११२ हा क्रमांक फिरवितो, तेव्हा पलीकडून उत्तर मिळेलच, असे तो गृहीत धरून चालतो. या विश्वासामागे यंत्रांची एक लांबलचक साखळी उभी असते. ‘गेटवे’ हा त्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा होय.

दोन भिन्न पद्धतींची दूरसंचार जाळी जेथे एकमेकांना मिळतात, तेथे गेटवे बसविलेला असतो. एका बाजूस प्रत्येकी ३० संभाषणे वाहून नेणाऱ्या पारंपरिक वाहिन्या असतात, तर दुसऱ्या बाजूस इंटरनेटच्या धर्तीवर आवाजाचे लहान लहान तुकडे करून पाठविणारी व्यवस्था असते. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम गेटवे करतो. नदीवरील एकमेव पूल बंद पडला, की दोन्ही तीरांवरील रस्ते उत्तम असूनही दळणवळण थांबते. गेटवे बंद पडल्यासही तसेच होते. म्हणून येथे राखीव व्यवस्था ही चैन नसून निकड आहे.

जोडीचे गणित

एखादे यंत्र ९९ टक्के वेळ कार्यरत राहते, असे म्हटले की ते समाधानकारक वाटते. परंतु उरलेला १ टक्का म्हणजे वर्षातील सुमारे ८८ तास, अर्थात साडेतीन दिवसांहून अधिक काळ होय. अशी दोन यंत्रे परस्परांस पर्याय म्हणून ठेवली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातील एकाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारांत एक इतकी उरते. वर्षातील खंड सुमारे ५३ मिनिटांवर येतो. दूरसंचार क्षेत्रात ९९.९९९ टक्के उपलब्धतेचे उद्दिष्ट ठेवतात. त्यात वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटांच्या खंडाला वाव असतो.

मात्र या गणितास एक अट आहे. दोन्ही यंत्रांच्या बिघाडाची कारणे परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. सारी खबरदारी या एका अटीभोवती फिरते.

व्यवस्था कशी चालते?

सामान्यतः एक गेटवे प्रत्यक्ष काम करतो व दुसरा सज्ज स्थितीत उभा असतो. कार्यरत यंत्र ठरावीक अंतराने ‘मी चालू आहे’ असा संकेत जोडीदाराकडे पाठविते. नाडीच्या ठोक्यांप्रमाणे असणाऱ्या या संकेतास ‘हार्टबीट’ म्हणतात. लागोपाठ काही ठोके चुकले, की राखीव यंत्र पहिल्याचा पत्ता स्वतःकडे घेऊन काम सुरू करते. चालू संभाषणांची माहिती त्याला सतत पुरविली जात असेल, तर ती संभाषणेही टिकू शकतात. अन्यथा ती तुटतात व नागरिकास क्रमांक पुन्हा फिरवावा लागतो.

येथे एक धोका संभवतो. दोन्ही यंत्रे ठीक असताना केवळ त्यांना जोडणारी तार तुटली, तर प्रत्येकास दुसरे बंद पडल्याचे वाटते. मग दोन्ही एकाच वेळी कारभार हाती घेऊ पाहतात व गोंधळ माजतो. यासाठी हार्टबीटच्या तारा दोन वेगळ्या मार्गांनी नेतात, तसेच निर्णयासाठी तिसऱ्या, तटस्थ यंत्राची साक्षही घेतात.

इतिहासाची साक्ष

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सकासना येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्रात नियंत्रक यंत्रे जोडीने बसविली होती. चाळीस वर्षांत एकूण दोन तासांहून अधिक खंड पडू नये, हे त्या रचनेचे उद्दिष्ट होते.

परंतु यंत्रे दुप्पट केली म्हणजे सारे साधले, असे नाही. दिनांक १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्कमधील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला. ते केंद्र स्वतःहून सावरले व पूर्ववत झाल्याचा संकेत त्याने शेजारच्या केंद्रांस पाठविला. तो संकेत हाताळणाऱ्या आज्ञावलीतच दोष होता. परिणामी एकामागून एक ११४ केंद्रे वारंवार बंद पडू लागली आणि सुमारे नऊ तास दूर पल्ल्याची सेवा विस्कळीत झाली. जोडीची यंत्रे होती, पण दोहोंत चूक एकच होती. त्यापूर्वी मे १९८८ मध्ये इलिनॉय राज्यातील हिन्सडेल येथे दूरध्वनी केंद्रास आग लागली, तेव्हा एकाच इमारतीवर किती भार एकवटला होता, हे लक्षात आले. सेवा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले.

म्हणूनच राखीव व्यवस्था शक्यतो दुसऱ्या गावी असावी, हे तत्त्व मान्य झाले. महाराष्ट्रात ११२ सेवेसाठी नवी मुंबईच्या केंद्राबरोबर नागपूर येथेही केंद्र ठेवण्यात आले, त्यामागे हाच विचार आहे.

आपण काय पाहावे?

यंत्रसामग्री स्वीकारताना अधिकाऱ्यांनी काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. दोन्ही यंत्रांना वीज एकाच बटणावरून येते काय? बॅटऱ्या व जनित्र भाराखाली तपासले आहेत काय? दोन केबली एकाच चरातून तर गेल्या नाहीत ना? तसे असेल, तर खोदकामाच्या एका घावात दोन्ही तुटतील. रस्ता वा नळयोजनेचे खोदकाम करण्यापूर्वी दूरसंचार विभागास कळविणे, हे पंचायतींचे मोलाचे सहकार्य ठरेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तालीम. रहदारी कमी असताना, पूर्वसूचना देऊन, कार्यरत यंत्र मुद्दाम बंद करावे आणि राखीव यंत्र किती सेकंदांत भार घेते, त्याची नोंद ठेवावी. दुरुस्तीनंतर बंद पडलेले यंत्र पुन्हा जोडीस लावण्यास विसरू नये. नाही तर सेवा सुरळीत दिसत राहते, पण तिचा आधार गेलेला असतो, आणि हे कळते ते दुसऱ्या बिघाडाच्या वेळी, जेव्हा मदत मागणाऱ्याच्या हाती वेळ उरलेला नसतो.