डेअरी आपलीच, मग सगळा नफा वाटत का नाही?



वर्गात हिशोबाची उदाहरणं चालली होती. एका मुलीनं मध्येच विचारलं, "सर, आमच्या घरचं दूध डेअरीला जातंय. डेअरी आपलीच म्हणतात, मग दिवाळीचा फरक एवढा कमी का दिला?" घरी त्यावरून बोलणं झालं असणार. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर जे समजून घेतलं ते इथं लिहितो.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी सहकारी दूध संस्था आहेत. त्यातल्या पुष्कळ संस्था १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाला, म्हणजे 'गोकुळ'ला दूध घालतात. एक लिटर घालणाऱ्या आजीच्या दुधाचं फॅट काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वीस लिटरवाल्याच्या दुधाला लागतो. फक्त नफा बघणारा म्हणेल, पाच लिटरच्या आत दूध घेणं परवडत नाही. डेअरीला तसं म्हणता येत नाही, कारण आजी तिची सभासद आहे. पण दया म्हणून आजीच्या पातळ दुधाला ६ फॅटचा दर लावला, तर ती तूट बाकीच्यांच्या बिलातून जाते. म्हणून दूध सगळ्यांचं घ्यायचं, पण दर फॅट बघूनच द्यायचा. मला तरी हे बरोबर वाटतं.

आता नफ्याकडे वळू. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. समजा ४ लाख नफा झाला, तर १ लाख आधी बाजूला. भागभांडवलावर लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, म्हणजे १०० रुपयांच्या शेअरला फार तर १५ रुपये. फरक मात्र वर्षभरात दूध किती घातलं त्यावर मिळतो. ज्याचे शेअर जास्त त्याचं राज्य, असं इथं नाही. मतही प्रत्येकाला एकच. (सभेला जाऊन ते द्यायला मात्र पाहिजे! सह्या करून चहा पिऊन परत येणारे आपणच.)

हा राखीव निधी कशाला, हे शिरोळकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रस्ते बंद, जनावरं छावणीत, दूध संकलन ठप्प. अशा वेळी डेअरीत येणारा पैसा थांबतो, खर्च थांबत नाही.

'लिज्जत पापड'चंही असंच. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. पापड चांगला झाला आणि खपला, तरच लाटणाऱ्या बाईच्या घरी पैसे जाणार होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात ४ लाखांचं तेच गणित घातलं. १ लाख बाजूला काढल्यावर उरलेल्या ३ लाखांचं काय करायचं, असं विचारलं. बरीच मुलं म्हणाली, सगळा फरक वाटा. ती मुलगी म्हणाली, "पन्नास हजार अजून ठेवूया सर, आमच्या गोठ्यात पाणी येतंय."