घरावरील खर्च आणि राष्ट्राचा हिशेब

एखादे राष्ट्र घरे बांधण्यावर व सुधारण्यावर किती खर्च करते, हे केवळ रकमेवरून समजत नाही. त्या खर्चाचे वर्षाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण काढावे लागते. अमेरिकेत हे प्रमाण २००५ च्या सुमारास साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. २०१० पर्यंत ते अडीच टक्क्यांच्या जवळ येऊन ठेपले आणि त्याबरोबर बांधकामावर पोट भरणाऱ्या असंख्य लोकांचा रोजगार गेला. म्हणूनच अर्थशास्त्रज्ञ या प्रमाणाकडे बारकाईने पाहतात. मात्र त्यात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, हे ठाऊक असल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. वाराणसीसारख्या प्राचीन नगरीच्या उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल.

काशीच्या ‘पक्का महाल’ भागात चुनारच्या वालुकाश्माची जुनी घरे गंगेकाठी दाटीने उभी आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबांनीही पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केले आहे. असे एखादे घर विकले गेले, तर त्याची किंमत गृहबांधणीच्या खर्चात येत नाही. कारण नवे काही निर्माण झालेले नसते, केवळ मालक बदललेला असतो. जमिनीची किंमतही वगळली जाते. पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती बुजवणे किंवा भिंतींना चुना देणे ही नित्याची देखभाल होय. तिची गणना चालू खर्चात होते. परंतु त्याच घरावर मजला चढवला किंवा त्याचे आयुष्य वाढेल असे मोठे काम केले, तर ती भांडवलनिर्मिती ठरते. परिणामी, दरवर्षी निगा राखून घर टिकवणाऱ्या कुटुंबाचा खर्च या प्रमाणात दिसत नाही. घराची हेळसांड करून शेवटी ते नव्याने बांधणाऱ्याचा मात्र दिसतो.

वाराणसी जिल्ह्याच्या खेड्यांत वेगळी अडचण येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले. हे अनुदान म्हणजे केवळ पैशांचे हस्तांतर. कुटुंब त्यातून घर बांधते, तेव्हाच ते बांधकाम म्हणून एकदा मोजले जाते. अशा घरांचे हिशेब कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड इत्यादी साहित्य देशात किती खपले, यावरून पक्क्या बांधकामाचे मूल्य अजमावले जाते. शिवाय २०११-१२ हे आधारवर्ष धरलेल्या भारतीय मालिकेत निवासी घरे, अन्य इमारती व बांधकामे एकाच रकान्यात दाखवली आहेत. त्यामुळे केवळ घरांचा वाटा त्या रकान्यातून थेट वाचता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ‘स्थूल’ या शब्दात दडलेला आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलेल्या विश्वनाथ मंदिराभोवती प्रशस्त परिसर निर्माण करण्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादन करण्यात आल्या. सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू व घरमालकांचे अन्यत्र पुनर्वसन झाले. १३ डिसेंबर २०२१ रोजी या परिसराचे उद्घाटन झाले. तेथील नव्या इमारतींचा खर्च भांडवलनिर्मितीत जमा झाला. जागा मोकळी करण्याचा खर्चही अशा बांधकामाचाच भाग मानतात. जी घरे गेली, ती मात्र स्थूल आकड्यातून वजा होत नाहीत. निव्वळ आकडा काढताना घसारा वजा करतात खरा. पण तो इमारतींच्या सरासरी आयुर्मानावरून ठरतो, गल्लीतील अमुक एका घरावरून नव्हे.

सारांश, वाढते प्रमाण म्हणजे वाढता निवारा असे समजणे योग्य नव्हे. त्या वर्षी बांधण्यावर किती साधनसामग्री खर्ची पडली, एवढेच त्यावरून कळते. किती घरे राहण्याजोगी उरली आणि त्यांत कोणाला आसरा मिळाला, हे जाणण्यासाठी घरांची स्वतंत्र मोजदाद करावी लागते.