हँडब्रेक सोडला, तरी गाडी सुटेना

आषाढाची झड चार दिवस लागून राहिली आणि जुनी पिकअप तेवढे दिवस हँडब्रेक ओढून अंगणात उभी असली, की पाचव्या दिवशी ती रुसते. लिव्हर खाली बसतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो. क्लच सोडला की इंजिन गुरगुरतं, पण मागची चाकं जागची हलत नाहीत. तो दिवा लिव्हरचं सांगतो, चाकाचं नाही. वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलूत, उल्हास नदीच्या ओल्या पट्ट्यात, विटा, सिमेंट, भाताची पोती आणि भाद्रपदात गणपती वाहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पाटी 'एमएच ०६'ची, म्हणजे पासिंग पनवेलचं 'एमएच ४६' येण्याआधीचं असेल, तर विचारायलाच नको.

यंत्र तसं साधं. लिव्हर वर ओढला की दातेरी पट्टीवर कटकट करत अडकतो आणि केबल ताणतो. चासीखाली ती ओढ दोन चाकांत वाटली जाते. ड्रमच्या आत एक छोटी दांडी दोन्ही शू बाहेर ढकलते आणि लायनर ड्रमला घट्ट धरतात. ओढायला माणसाचा हात असतो. सोडताना मात्र सगळा भार स्प्रिंगांवर. खोड तिथेच आहे. शेजारच्या नेरळहून १९०७ पासून माथेरान चढणारी छोटी गाडी कित्येक दशकं हातब्रेकवरच घाट उतरायची. इंजिनाच्या शिट्टीवर डब्याडब्यातले ब्रेकमन ब्रेक आवळायचे आणि सैल करायचे. तिथे सोडणाराही माणूसच होता. पिकअपमध्ये गंजलेली स्प्रिंग ते काम करील, अशी आपली आशा असते.

चांगला मेस्त्री आधी पाना उचलत नाही, चाक उचलतो. पुढच्या चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली, मग मागचं एकेक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवायचं. जड फिरणारं चाक सापडलं की खाली शिरून त्या चाकाची केबल ड्रमकडच्या टोकाला सोडवायची. चाक मोकळं झालं, तर दोष केबलचा. वरचं कव्हर कुठेतरी चिरलेलं असतं, त्यातून पाणी आणि चिखल शिरतो, आतली तार गंजून फुगते. ती ओढली जाते, परतत नाही. तेल सोडून ती आठवडाभर चालेलही. पण पुढच्या पावसात पुन्हा तेच. केबल बदलणं बरं.

केबल सोडूनही चाक जडच असेल, तर ब्रेक ऑइलचा निपल जरा सैल करायचा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर हँडब्रेक बिचारा निर्दोष. दाब मास्टर सिलिंडरने नाहीतर आतून सुजलेल्या रबरी पाइपने धरून ठेवलेला असतो. तेही नसेल, तर ड्रम काढायचा. गंजाने धरलेला ड्रम सरळ निघत नाही. कडेने हातोडीने हलकेच ठोकत फिरायचं. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट सारखे आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी. दांडीची खीळ आणि शू जिथे पत्र्यावर घासतात त्या जागा साफ करून ग्रीसचं बोट फिरवायचं. लायनरला मात्र त्याचा वासही लागता कामा नये.

आणखी एक प्रकार माणसांनीच केलेला असतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी. तेव्हा हँडब्रेक धरला पाहिजे म्हणून घाईत केबलचा नट आवळून देतात. लायनर झिजलेले तसेच. मग लिव्हर दोन-तीन दातांवरच ताठ होतो आणि सोडला तरी शू ड्रमला चिकटून राहतात. डिझेल जास्त जातं, लायनर जळतात. आधी ड्रममधलं अंतर लावायचं, केबलचा ताण सगळ्यांत शेवटी.

म्हणून पावसाळ्यात पुष्कळ ड्रायव्हर सपाट जागी हँडब्रेक ओढतच नाहीत; गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. रीत चांगली, पण सहा महिने न ओढलेली केबलही गंजतेच. तेव्हा कोरड्या दिवशी अधूनमधून ओढून सोडत राहावं. काम झाल्यावर दोन-तीन किलोमीटर, होता होईल तो पायाचा ब्रेक न मारता, चक्कर मारून यायची आणि तळहाताची मागची बाजू दोन्ही ड्रमजवळ न्यायची. एकाची झळ दुसऱ्यापेक्षा जास्त लागली, तर गाडी पुन्हा जॅकवर.