किती चुकांना घंटा वाजावी?

इथरनेट जाळ्यातून माहिती 'फ्रेम' नावाच्या लहान तुकड्यांनी प्रवास करते आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी, तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेला 32 बिटांचा पडताळा-अंक जोडलेला असतो. पोहोचलेल्या फ्रेमवरून पुन्हा काढलेला अंक त्याच्याशी जुळला नाही, तर स्विच सामान्यतः ती फ्रेम टाकून देतो आणि त्या पोर्टच्या चूक-गणकात एकाची भर घालतो. देखरेखीची यंत्रणा हा गणक ठरावीक अंतराने वाचते. आकडा जेथे पोहोचल्यावर व्यवस्थापकाला कळवायचे, ती रेषा म्हणजे इशारा पातळी.

ही पातळी शून्यावर ठेवली की एकही चूक सुटणार नाही, हा विचार मानकांच्याच कसोटीवर टिकत नाही. प्रकाशतंतूवरील गिगाबिट इथरनेटमध्ये एक लाख कोटी बिटांमागे एक चूक ग्राह्य धरलेली आहे. म्हणजे पूर्ण भरून वाहणाऱ्या मार्गावर सुमारे 17 मिनिटांतून एकदा. तांब्याच्या तारेवर तर एक हजार कोटी बिटांमागे एक, अर्थात दर 10 सेकंदांना एक, एवढी सूट आहे. चांगली जोडणी प्रत्यक्षात याहून पुष्कळ सरस निघते, म्हणूनच मानकातील आकड्यापेक्षा त्या पोर्टची काही आठवड्यांची रीत पाहून पातळी ठरवणे अधिक शहाणपणाचे होय.

शिवाय गणक साचत जाणारा असल्याने त्याच्या एकूण आकड्याला फारसा अर्थ नसतो. वर्षभरातील 500 चुका क्षुल्लक असतील, पण त्याच पाच मिनिटांत झाल्या तर केबल किंवा जोडणी तपासावीच लागते. म्हणून दोन वाचनांमधील फरक मोजतात. केवळ टक्केवारीवर विसंबणेही फसवे असते, कारण रात्री दहाच फ्रेम आल्या आणि त्यांतील दोन बिघडल्या, तर प्रमाण 20 टक्के दिसते.

यापुढची अडचण अधिक नाजूक आहे. मोजमाप पातळीच्या आसपास हेलकावत राहिले, तर प्रत्येक ओलांडणीला नवा इशारा निघतो आणि कंटाळलेला माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या 'आरमॉन' या दूरस्थ देखरेखीच्या मानकाने यावर साधा तोडगा काढला: चढती आणि उतरती अशा दोन पातळ्या ठेवायच्या आणि चढतीचा इशारा एकदा दिल्यावर, मोजमाप उतरत्या पातळीपर्यंत खाली येईपर्यंत तो पुन्हा द्यायचा नाही. या दोहोंमधले अंतर किती असावे, हे मात्र मानक सांगत नाही; ते जाळे ओळखणाऱ्यानेच ठरवायचे असते.

चुकांचा प्रकार पाहणेही तितकेच आवश्यक आहे. केबलचे एक टोक एकाच वेळी पाठवण्या-घेण्यासाठी आणि दुसरे आळीपाळीने चालण्यासाठी लावले गेले, तर पहिल्या टोकाला पडताळ्याच्या चुका आणि दुसऱ्याला उशिराच्या टकरी नोंदल्या जातात. वाहतूक वाढेल तशा त्या वाढतात, रात्री ओसरतात. त्यामुळे मध्यरात्रीच्या शांत मोजणीवरून बेतलेली पातळी अशा पोर्टवर सकाळी कामकाज सुरू होताच ओलांडली जाते, आणि केबल बदलूनही इशारा थांबत नाही.