रोमची चांदीची नाणी : जमवण्याआधी पारख हवी

लिलाव ही चीज व्यापारी माणसाला नवी नाही. पण इ.स. १९३ च्या मार्च महिन्यात रोम शहरात जो लिलाव झाला, त्याची सर कशालाच नाही. बादशहाच्या अंगरक्षक फौजेने आपल्याच बादशहाला, पर्टिनॅक्सला, ठार केले आणि छावणीच्या भिंतीवरून चक्क तख्त विकायला काढले. जो शिपायांना जास्त इनाम देईल त्याची सल्तनत! डिडियस ज्युलियनस नावाच्या धनाढ्य सरदाराने माणशी २५ हजार सेस्टर्सची बोली लावून सौदा मारला. ६६ दिवसांत त्याचाही खून झाला. सौदा साफ बुडाला म्हणायचा. पण एवढ्या दिवसांत त्याच्या नावाने टाकसाळीतून चांदीची जी थोडी नाणी पडली, ती आज नाणी जमवणारे शोधत फिरतात आणि मिळाली तर चांगले दाम मोजतात.

हा किस्सा आम्ही मुद्दाम सांगितला. जुने म्हणजे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणजे महाग, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. ती नाण्यांच्या बाजारात चालत नाही. १९२९ साली बल्गेरियातील रेका देवनिया गावी रोमन चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील मोजदाद झालेली नाणीच ८० हजारांवर होती! कोणत्या बादशहाचे नाणे मुबलक आणि कोणाचे विरळ, याचा अंदाज अभ्यासक आजही अशा साठ्यांवरून बांधतात. अठराशे वर्षांचे नाणे असूनही ते साधे असू शकते. ज्याने वीस वर्षे राज्य केले त्याची नाणी ढिगाने, ज्याने दोन महिने केले त्याची मूठभर. भाव ठरतो तो नावावर, ठशावर आणि नाण्याच्या हालतीवर. चांदीच्या वजनाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

या नाण्याचे नाव देनारियस. इ.स.पूर्व २११ च्या सुमारास, कार्थेजशी युद्ध चालू असताना रोमने ते पाडायला सुरुवात केली. पुढे ते स्थिरावले तेव्हा त्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम होते. आपल्या सराफी मापात सांगायचे तर बरोबर चार मासे, म्हणजे तीन नाण्यांचा एक तोळा. चांदी जवळजवळ चोख. चार सेस्टर्सचा एक देनारियस हा हिशेब. अरबी ‘दीनार’ हा शब्द याच देनारियसवरून आला. ‘दिरहम’ हा ग्रीकांच्या द्राख्म्यावरून. गंमत अशी की नाव चांदीच्या नाण्याचे, पण आपल्या इतिहासात दीनार राहिला सोन्याचा.

चार मासे वजन आणि चोख कस, ही रोमची साख होती. रोमन ग्रंथकार प्लिनी याने सिलोनच्या राजाची हकीकत लिहून ठेवली आहे. वादळात भरकटलेला एक रोमन माणूस सिलोनला लागला. त्याच्याजवळची नाणी राजाने पाहिली. प्रत्येकावर मुखवटा वेगळ्या राज्यकर्त्याचा, पण वजन सर्वांचे एकच! यावरून राजाने रोमच्या इमानदारीची परीक्षा केली आणि बादशहा क्लॉडियसकडे वकील पाठवले. मापात खोट नसणे ही किती मोठी जाहिरात आहे, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

हाच प्लिनी दुसरीकडे तक्रार करतो की हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो. त्या काळच्या व्यापारावर एका ग्रीक खलाशाने लिहिलेली पोथी आहे, ‘पेरिप्लस’. तीत नोंद आहे की भडोच बंदरात रोमचे सोन्याचांदीचे नाणे स्थानिक नाण्याशी बदलून नफा मिळतो. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचलाच उतरत असे. मग आपल्या महाराष्ट्रात रोमची चांदीची नाणी का फारशी सापडत नाहीत? बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती इथे वितळवून क्षत्रप राजांची नाणी पाडली गेली. तमिळनाडूत, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला, मात्र ती साठ्यांनी निघाली. त्यांत भरणा ऑगस्टस आणि टायबेरियस या दोन बादशहांच्या नाण्यांचा.

याचे कारण नीरोने पुरवले. इ.स. ६४ मध्ये त्याने वजन साडेतीन माशांवर आणले आणि कसही उतरवला. आपल्याकडचे व्यापारी काही कच्चे नव्हते. ते जुनेच चोख नाणे पसंत करत. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात निम्मीच चांदी उरली. २१५ साली कॅराकल्लाने नवे नाणे काढले. किंमत दोन देनारियसची, चांदी जेमतेम दीडपट. २७० च्या सुमारास तर शेकडा पाच भागही चांदी राहिली नाही, तांब्यावर नुसती झिलई! ज्याच्यापाशी जुने नाणे होते त्याने ते गाडग्यात घालून पुरले. आजच्या संग्राहकांना साठे मिळतात त्यामागे असे मुलामा दिलेले अर्थकारणही आहे.

आता कारागीर बांधवांच्या कामाची गोष्ट. देनारियस ओतीव नसे. एक ठसा ऐरणीत, दुसरा हातात, मध्ये चांदीची चकती आणि वरून घणाचा घाव. म्हणून चित्र एका बाजूला सरकलेले, कडा चिरलेली, हे दोष नव्हेत. ती हातठोकेची खूण आहे. ओतून केलेल्या नकलेत अक्षरांची धार बोथट असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात, कडेला सांध्याची रेघ किंवा ती घालवण्यासाठी मारलेली कानस दिसते. आणि दोन नाण्यांची चीर अगदी एकाच जागी असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली हे ओळखावे. खुद्द रोमन काळातही लबाड होतेच. तांब्याच्या चकतीला चांदीचा पत्रा लपेटून ते ठसा मारीत.

सर्वांत कठीण नकली माल म्हणजे नवा ठसा खोदून ठोकलेला. जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) यात उस्ताद होता. त्याने तीनशेहून अधिक ठसे खोदले. कोरी नाणी लोखंडाच्या किसात घालून तो डबी घोडागाडीला लावून फिरवायचा, म्हणजे झीज आपोआप यायची. हातातली कला एवढी आणि धंदा हा!

सराफी पेढीवरचे टंच काढायचे यंत्रही इथे दगा देते. ते वरचाच थर वाचते. मिश्र चांदीच्या चकत्या टाकसाळीतच अशा तयार होत की वरच्या थरात चांदी जास्त राही. शिवाय जमिनीत वरचे तांबे झिजून जाते. त्यामुळे यंत्र आतल्यापेक्षा उंच कस दाखवते. वजन आणि पाण्यातली तूळ या जुन्या रीती सोबत हव्यातच. आणि कृपा करून नाणे चिंच-लिंबाने घासून चमकवू नये. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, वाकवली तर काच तुटावी तशी तुटते. काळपटपणा गेला की निम्मी किंमत गेली.

नव्याने या छंदात उतरणाऱ्याने कोठून सुरुवात करावी? आमच्या मते मार्क अँटनीच्या पलटणींच्या नाण्यांपासून. इ.स.पूर्व ३२–३१ मध्ये त्याने फौजेचा पगार भागवण्यासाठी ती पाडली, एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला पलटणीचा गरुड. कस हलका म्हणून कोणी साठवली नाहीत, दोनशे वर्षे बाजारात फिरत राहिली, म्हणून झिजलेली पण भरपूर मिळतात. ब्रूटसचे ‘दोन खंजीर आणि टोपी’चे नाणे मात्र सामान्य खिशाचे काम नव्हे. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून इ.स.पूर्व ४२ मध्ये ते पडले. त्याचाच सोन्यातला एक नमुना २०२० साली लंडनला ३२ लाख पौंडांवर विकला गेला. पुढे त्याच्या मालकीचे कागद बनावट असल्याचे निघाले आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत गेले.

म्हणून कागद आधी, नाणे नंतर. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. विहीर खणताना किंवा पाया काढताना दहा रुपयांवरच्या किमतीचे जुने धन निघाले तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याने कलेक्टरला कळवणे सक्तीचे आहे. आटणीत टाकणे तर दोन्हीकडून नुकसान.

डोळा तयार करायचा असेल तर चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी संग्रहालयात दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकहून त्र्यंबकला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे. दहा खरी नाणी नीट पाहिली, की अकराव्या नकलीवर नजर आपोआप अडखळते.